वेषांतर : राजाचें आणि रयतेचें



मी पेशानें शाळामास्तर. उभी हयात इंग्रजी आणि इतिहास हे दोन विषय मुलांना शिकविण्यांत गेली. आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो मला कोणा पंडिताच्या ग्रंथांत सांपडला नाहीं; तो एका विद्यार्थ्यानें माझ्यापुढें टाकला. आमच्या इंग्रजी वाचनाच्या पुस्तकांत दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पलायनाचा एक धडा होता. लढाई हरलेला राजा गरिबाचे कपडे चढवितो, चेहऱ्याला काजळी लावतो, ओकच्या झाडांत लपतो आणि शत्रूच्या हातावर तुरी देऊन निसटतो. वर्ग तल्लीन झाला होता. त्याच आठवड्यांत इतिहासाच्या तासाला मीं इंग्लंडांतील एका कायद्याचा उल्लेख केला होता. तोंडाला काळें फासून, हातांत शस्त्र घेऊन हरणांच्या रानांत शिरणारास त्या कायद्यानें फांशी सांगितली होती. मागच्या बांकावरील एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, राजानें तोंडाला काळें फासलें तर धडा, आणि गरिबानें फासलें तर फांशी, असें कां?" घंटा होण्यास थोडाच अवकाश होता. मीं म्हटलें, "पुढें वाच." मुलगा खालीं बसला, त्याचा प्रश्न मात्र माझ्या मनांत उभाच राहिला. त्याचें उत्तर इंग्लंड आणि स्पेन या दोन देशांच्या इतिहासांत कसें मिळतें, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. इंग्रजींत वेषांतराला 'डिसगाइज' म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून आला. त्यांतील 'गाइज' म्हणजे रीत, ढब, बाह्य रूप. आणि 'डिस' म्हणजे त्यापासून दूर. आपली नित्याची रीत सोडणें, हा त्याचा मूळ अर्थ. 'अदरवाइज', 'लाइकवाइज' या शब्दांच्या शेवटीं येणारा 'वाइज' हाही याच कुळांतला. पूर्वीं इंग्रज लोक दारूनें झिंगलेल्या माणसालाही 'डिसगाइज्ड' म्हणत, कारण तोही आपली रीत सोडून बसलेला असे. स्पॅनिश भाषेंतील शब्द 'दिस्फ्राथ'. त्याच्या व्युत्पत्तीविषयीं पंडितांत एकमत नाहीं. परंतु एक मान्यवर मत असें आहे कीं, जनावराचा माग या अर्थाच्या एका कॅटलान शब्दाशीं त्याचें नातें आहे. तें मत धरलें तर 'दिस्फ्राथ' म्हणजे माग पुसणें. इंग्रजाच्या मनांत रूप बदलण्याची कल्पना, तर स्पॅनिश माणसाच्या मनांत पाठलाग चुकविण्याची!

आणखी एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. नाचाच्या समारंभासाठीं घातलेल्या चित्रविचित्र पोशाखाला इंग्रज 'फॅन्सी ड्रेस' म्हणतो आणि 'डिसगाइज' हा शब्द मुख्यत्वें लपण्यासाठीं राखून ठेवितो. स्पॅनिशमध्यें दोहोंनाही 'दिस्फ्राथ' हाच शब्द चालतो. आपल्या मराठींतील 'सोंग' या शब्दाचा स्वभावही असाच आहे. उत्सवांतलें सोंग वेगळें आणि ठकाचें सोंग वेगळें, हें आपण संदर्भावरून ओळखतों. राज्यकर्त्यांनीं तें कशावरून ओळखलें, हाच माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता.

इ. स. १५१० च्या जानेवारींत इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, तेव्हां अवघा १८ वर्षांचा, आपल्या सरदारांसह रॉबिन हूडच्या टोळीचा वेष करून वेस्टमिन्स्टर येथें राणीच्या महालांत अचानक शिरला. राणी व तिच्या सख्या गोंधळल्या, नाच झाला, आणि सर्वांची मोठी करमणूक झाली. रॉबिन हूड म्हणजे राजाचीं हरणें मारणारा दरोडेखोर. त्याचें सोंग खुद्द राजानेंच घेतलें. पुढें १५११-१२ सालीं त्याच राजाच्या पार्लमेंटनें कायदा केला कीं, मुखवटे घालून व वेष पालटून लोकांच्या घरीं जाणारांस तुरुंगांत टाकावें, आणि मुखवटे विकणारांस व बाळगणारांसही शिक्षा करावी.

स्पेनचा कायदा तर याहून स्पष्टवक्ता होता. १५२३ सालीं सम्राट् पांचवा चार्ल्स याच्या नांवानें स्पेनमध्यें मुखवट्यांना बंदी झाली. त्या कायद्यांत शिक्षा दोन प्रकारची सांगितली आहे. मुखवटा घालणारा हलक्या कुळांतला असेल तर त्यास उघड्यावर १०० फटके मारावे. कुलीन असेल तर त्यास ६ महिने गांवाबाहेर घालवावें. अपराध रात्रीं घडल्यास शिक्षा दुप्पट. मुखवटा तोच, रस्ता तोच; परंतु मुखवटा काढल्यावर आंत कोणाचा चेहरा निघतो, त्यावर पाठीचें भवितव्य अवलंबून!

आतां माद्रिद शहरांतील एका घराकडे चला. त्याचें नांव 'सात धुराड्यांचें घर'. तें अद्यापि उभें असून तेथें आज स्पेन सरकारच्या सांस्कृतिक खात्याची कचेरी आहे. १६२३ सालीं या घरांत इंग्लंडचा वकील अर्ल ऑफ ब्रिस्टल राहत होता. मार्च महिन्यांतील एका संध्याकाळीं दारावर थाप पडली. बगलेंत प्रवासाची पिशवी घेतलेला एक इंग्रज दारांत उभा होता. त्यानें आपलें नांव थॉमस स्मिथ असें सांगितलें. त्याचा सोबती जॉन स्मिथ रस्त्याच्या पलीकडे अंधारांत थांबला होता. दिव्याच्या उजेडांत दोघांना पाहतांच वकिलाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. थॉमस हा इंग्लंडचा सर्वांत प्रबळ सरदार बकिंगहॅम होता. आणि जॉन हा इंग्लंडच्या गादीचा वारस, युवराज चार्ल्स होता!

स्पेनचा राजा चवथा फिलिप याच्या बहिणीशीं युवराजाचा विवाह व्हावा, अशीं बोलणीं कित्येक वर्षें चाललीं होतीं. तीं संपेनात, म्हणून युवराजानें स्वतःच जाऊन वधूला घेऊन यावयाचें ठरविलें. दोघांनीं खोट्या दाढ्या लावल्या आणि ते घोड्यावर निघाले. परंतु वेषांतर करणें सोपें नसतें. ग्रेव्हसेंड येथें नदी उतरतांना त्यांनीं नावाड्याच्या हातावर सोन्याचें नाणें ठेविलें. स्मिथ नांवाचा साधा माणूस नावेसाठीं सोन्याचें नाणें देत नाहीं. हे कोणी द्वंद्वयुद्धासाठीं परदेशीं पळणारे उमराव असावेत, असा नावाड्यास संशय आला आणि त्यानें वर्दी दिली. कँटरबरीस तर नगराध्यक्षानें त्यांना अडविलेंच. तेव्हां बकिंगहॅमला दाढी काढून आपण कोण तें सांगावें लागलें, आणि आपण आरमाराची गुप्त तपासणी करावयास निघालों आहों, अशी थाप मारावी लागली. नगराध्यक्षानें त्यांना सोडून दिलें. दाढीखालीं सरदाराऐवजीं एखादा मोची निघाला असता, तर त्याला इतक्या सहज वाट मिळाली असती काय?

हें लग्न झालें नाहीं. युवराज आपला धर्म सोडून कॅथॉलिक होण्यासाठींच आला असावा, असें स्पेनमध्यें पुष्कळांना वाटलें. तें खोटें ठरल्यावर बोलणीं फिसकटलीं. युवराज ऑक्टोबरांत रित्या हातानें परतला आणि १६२५ सालीं दोन्ही देशांत युद्ध जुंपलें. एवढा घोर परिणाम होऊनही ही सफर इतिहासांत तारुण्यांतील एक साहस म्हणून राहिली. जातांना पॅरिस येथें युवराजानें फ्रेंच राजाच्या बहिणीला नाचाच्या तालमींत ओझरतें पाहिलें होतें. पुढें तीच त्याची राणी झाली, आणि आमच्या धड्यांतील दुसरा चार्ल्स हा त्यांचाच पुत्र.

त्या पुत्राची गोष्ट आतां पाहूं. ३ सप्टेंबर १६५१ रोजीं वूस्टरच्या लढाईंत क्रॉमवेलनें त्याचा पुरता पराभव केला. राजाला पकडून देणारास १००० पौंडांचें बक्षीस जाहीर झालें. पेंडरेल नांवाच्या साध्या शेतकरी भावांनीं त्याला आश्रय दिला, त्याचे केस कापले, त्याला जाडेभरडे कपडे दिले. राजा सहा फुटांहून उंच. त्याच्या मापाचे जोडे मिळेनात. जे मिळाले ते पायांना चावले आणि पाय रक्तबंबाळ झाले. पुढें विल जॅक्सन हें नांव घेऊन तो जेन लेन नांवाच्या तरुण बाईचा नोकर बनून घोड्यावर निघाला. लाँग मार्स्टन येथें मुक्काम असतां स्वयंपाकिणीनें या नव्या नोकराला मांस भाजण्याची सळई फिरविणारें यंत्र गुंडाळावयास सांगितलें. राजाला तें जमेना. "कसल्या खेड्यांतून आलास रे?" म्हणून बाई त्याच्यावर खेंकसली. राजानें नम्रपणें उत्तर दिलें कीं, आम्ही गरीब माणसें. आमच्या घरीं भाजलेलें मांस क्वचितच होतें, आणि झालें तरी असें यंत्र नसतें. उत्तर हजरजबाबी खरें; पण त्या क्षणीं राजाच्या ध्यानांत आलें असेल कीं, कपडे एका रात्रींत बदलतात, हात बदलत नाहींत.

सहा आठवडे भटकून तो ऑक्टोबरांत फ्रान्सला पोंचला. १६६० सालीं गादीवर परत आल्यावर ही कथा सांगण्याचा त्याला मोठा सोस होता. १६८० सालीं त्यानें ती सॅम्युएल पेपीसला तोंडीं सांगून उतरवून घेतली. हाच तो चार्ल्स, ज्याला पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर १६६१ च्या करारानें आपलें मुंबई बेट मिळालें आणि ज्यानें तें १६६८ सालीं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलें. परंतु मला येथें त्याची दुसरी एक कृति सांगावयाची आहे. १६७१ सालीं त्याच्या राज्यांत शिकारीचा कायदा झाला. ज्याला जमिनीचें वार्षिक १०० पौंड उत्पन्न आहे, अशासारख्या मोजक्या लोकांनाच ससे, तितर वगैरे मारण्याचा अधिकार राहिला. ज्या रानानें राजाला लपविलें, त्याच रानांत गरिबानें आपल्या शेतावर येणारा ससा मारणें गुन्हा ठरलें.

आतां माझ्या विद्यार्थ्यानें ऐकलेल्या कायद्याकडे येतों. युवराजाच्या खोट्या दाढीला बरोबर १०० वर्षें झालीं, त्या १७२३ सालीं तो झाला. विंडसरचें राखीव रान आणि हॅम्पशायरमधील वॉल्थॅमच्या आसपासची बिशपाचीं रानें येथें कांहीं लोक तोंडाला काजळी फासून टोळ्यांनीं शिरत आणि हरणें मारीत. त्यांना 'ब्लॅक्स' म्हणजे काळे असें नांव पडलें. रानांतून सरपण व जळणाचें गवत घेण्याचे गांवकऱ्यांचे जुने हक्क आकुंचित होत होते आणि राखलेलीं हरणें शेतें खात होतीं. हे लोक साधुसंत होते असें मी म्हणणार नाहीं. ते धमकीचीं पत्रें धाडीत आणि रखवालदारांवर हत्यारही उगारीत. परंतु पार्लमेंटनें जो उपाय योजिला तो विलक्षण होता. तोंडाला काळें फासून किंवा अन्य रीतीनें वेष पालटून, शस्त्रासह रानांत, सशांच्या कुरणांत वा हमरस्त्यावर दिसणें, एवढ्यासाठींच फांशी! त्याच कायद्यांत आणखी अनेक अपराध घालून त्यांनाही मृत्यूची शिक्षा ठेवण्यांत आली. प्रथम हा कायदा केवळ ३ वर्षांसाठीं होता. पुढें तो वाढवीत वाढवीत १७५८ सालीं कायमचा झाला, आणि त्याचा बहुतेक भाग रद्द होण्यास १८२३ साल उजाडलें. तोपर्यंत त्यास १०० वर्षें झालीं होतीं.

याच सुमारास लंडनच्या हेमार्केट नाटकगृहांत हायडेगर नांवाचा व्यवस्थापक तिकिटें लावून मुखवट्यांचे नाच भरवीत होता. तेथें सरदार आणि त्यांच्या स्त्रिया मुखवटे घालून रात्रभर कोणाशींही बोलत, नाचत. १७२४ सालीं लंडनच्या बिशपानें या नाचांविरुद्ध प्रवचन केलें. पण प्रवचनानें कोणी फांशीं जात नाहीं.

स्पेनमध्यें स्त्रियांच्या बाबतींतही हाच न्याय दिसतो. तेथील स्त्रिया रस्त्यानें जातांना ओढणी अशी लपेटून घेत कीं, फक्त एक डोळा उघडा राही. त्यांना 'तापादा' म्हणजे झांकलेल्या असें म्हणत. आपल्याकडे पडदा म्हणजे बंधन असें आपण समजतों. तेथें उलट झालें होतें. झांकलेल्या स्त्रीला बाप ओळखूं शकत नसे, नवरा ओळखूं शकत नसे. म्हणून तिला पाहिजे तेथें जातां येत असे. राज्यकर्त्यांनीं याला पुनःपुन्हा बंदी केली. १६३९ सालीं चवथ्या फिलिपनेंही केली. एकच हुकूम इतक्या वेळां काढावा लागला, यावरून तो कितपत पाळला गेला हें उघड आहे.

परंतु याच फिलिपनें दुसऱ्या एका स्त्रीचें वेषांतर गोड मानून घेतलें. कातालिना दे एराउसो ही बास्क मुलगी मठांतून पळाली, पुरुषवेष करून अमेरिकेंत गेली आणि चिलीमध्यें स्पेनच्या सैन्यांत लढली. खरें रूप उघड झाल्यावर तिनें राजाकडे अर्ज केला. राजानें तिला नेमणूक करून दिली, आणि पोप आठवा अर्बन यानें तिला पुरुषवेष घालण्याची मुभा दिली. तिच्या नांवावर असलेल्या आत्मचरित्रांतील प्रत्येक प्रसंग खरा मानण्याचें कारण नाहीं. परंतु तिला मिळालेली नेमणूक ही इतिहासाची गोष्ट आहे. एक डोळा उघडा ठेवून बाजारांत जाणारी स्त्री अपराधी, आणि पुरुष बनून राजासाठीं तलवार चालविणारी स्त्री मानकरी!

आणि आतां पुन्हा त्याच सात धुराड्यांच्या घरीं परत येऊं. १७६६ सालीं तेथें तिसऱ्या कार्लोस राजाचा प्रधान एस्किलाचे राहत होता. हा मूळचा इटलीचा. माद्रिदच्या रस्त्यांवर त्यानें दिवे लाविले आणि शहर स्वच्छ करण्याचा उद्योग आरंभिला. माद्रिदचे लोक पायघोळ झगा आणि रुंद काठाची टोपी घालीत. झग्याचें टोंक तोंडावरून घेतलें आणि टोपी कपाळावर ओढली कीं, डोळ्यांखेरीज कांहीं दिसत नसे. अशा झग्याखालीं शस्त्र लपतें आणि चोर सुटतो, असें सरकारचें म्हणणें. आणि तें अगदींच खोटें नव्हतें. १० मार्च १७६६ रोजीं हुकूम निघाला कीं, झगा आंखूड करावा आणि टोपी तीन कोनांची घालावी.

परंतु त्या वर्षीं पाव महाग झाला होता. पिकें बुडालीं होतीं आणि धान्याच्या व्यापारावरील निर्बंध सरकारनें नुकतेच उठविले होते. पोटांत भूक, आणि अंगावरच्या झग्याला सरकारची कात्री! २३ मार्चला दंगा उसळला. लोकांनीं रस्त्यावरचे दिवे फोडले आणि सात धुराड्यांच्या घरावर चाल केली. प्रधान आधींच निसटला होता. दुसऱ्या दिवशीं राजवाड्यापुढें रक्त सांडलें. राजानें लोकांच्या मागण्या मान्य केल्या : परका प्रधान काढावा, धान्य स्वस्त करावें, पोशाखाचा हुकूम मागें घ्यावा. त्याच रात्रीं राजा कुटुंबासह आरांखुएथला निघून गेला. १४३ वर्षांपूर्वीं ज्या दारांत खोट्या नांवाच्या युवराजाचें स्वागत झालें, त्याच दारावर तोंड झांकण्याचा हक्क मागणारी रयत धडकली होती.

पुढें आरांदा नांवाचा चतुर सरदार अधिकारावर आला. त्यानें म्हणे पायघोळ झगा व रुंद टोपी हा फांशी देणाऱ्या मांगाचा पोशाख ठरविला, आणि लोकांनीं तो आपण होऊन टाकला. आणि याच आरांदाच्या अमदानींत, १७६७ सालीं, माद्रिदच्या नाटकगृहांत तिकिटाचे मुखवट्यांचे नाच सुरू झाले. लंडनप्रमाणेंच येथेंही मुखवटा रस्त्यावरून उचलून दिवाणखान्यांत नेऊन ठेवण्यांत आला.

ही जुनी कहाणी म्हणून सोडून देऊं नये. स्पेनच्या यादवी युद्धांत, १९३७ सालीं, फ्रँकोच्या सरकारनें कार्निव्हलच्या सणाला बंदी केली आणि युद्ध संपल्यावरही ती चालूं ठेविली. तेव्हां कादिथ शहरीं पुढें त्या सणाला निराळेंच, सरकारमान्य नांव देऊन तो साजरा होऊं लागला. सोंग घेण्यास मनाई झाली, तेव्हां सणानेंच सोंग घेतलें! १९७५ सालीं फ्रँको वारल्यानंतर तो पुन्हा आपल्या नांवानें होऊं लागला.

तर मग त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर काय? माझ्या अल्प मतीप्रमाणें तें असें. कायद्यानें मुखवट्याचा विचार फारसा कधीं केलाच नाहीं. मुखवट्याआड कोण आहे, याचाच केला. राजा वेष पालटतो तेव्हां त्याला परत यावयास स्वतःचें रूप असतें. दाढी ओढून काढली कीं नगराध्यक्ष वाट देतो. गरिबाची गोष्ट निराळी. त्याची काजळी पुसली तर खालीं फांशी जाणारा एक ओळखीचा गांवकरी निघतो. राजाला वेषांतर हें साहस, श्रीमंताला करमणूक, आणि ज्याला उघड्या तोंडानें तक्रार करण्याची सोय नाहीं त्याला तें शेवटचें साधन. मुखवट्याआड चोर लपतो हें खरें आहे, आणि चोराला शासन झालेंच पाहिजे. परंतु एका गांवचीं शेंकडों माणसें जेव्हां तोंड झांकूं लागतात, तेव्हां राज्यकर्त्यानें कात्री उचलण्यापूर्वीं एक चौकशी करावी : यांना तोंड दाखविण्याचें भय कां वाटतें? विंडसरला ती चौकशी झाली नाहीं. माद्रिदला दिवे फुटल्यावर झाली.

तो विद्यार्थी आज कोठें आहे मला ठाऊक नाहीं. कदाचित् हें भाषण तो ऐकतही असेल. त्या दिवशीं मीं त्याला "पुढें वाच" म्हणून गप्प बसविलें. खरें म्हणजे पुस्तक मिटून मीं सगळ्या वर्गाला म्हणावयास हवें होतें कीं, मुलांनो, थांबा, यानें विचारलेला प्रश्न धड्याहून मोठा आहे. तें त्या वेळीं राहून गेलें. तें आज येथें पुरें करून मी आपली रजा घेतों.